'क्लेव्हरर' की 'मोर क्लेव्हर'? आणि त्याहून मोठी चूक कुठे होते

प्रश्न तासगावच्या एका ताईंचा आहे. मुलगी नववीत, सेमी-इंग्रजीला. चाचणीत तिने 'मोर क्लेव्हर' लिहिलं, त्यावर लाल रेघ आली आणि वर 'क्लेव्हरर' लिहून मिळालं. मग पुढच्या वाक्यात तिने तोच धडा घेऊन 'टायर्डर' लिहिलं, तर तेही कापलं. तिथे म्हणे 'मोर टायर्ड' हवं होतं. ताई लिहितात, "मी स्वतः मराठी माध्यमातली. मला एकदाच नीट सांगा, विशेषणाला 'ई-आर' कधी लावायचं आणि आधी 'मोर' कधी लावायचं? तिच्याकडून नियम पाठ करून घेते."

ताई, पहिली रेघ मारायला नको होती, दुसरी योग्य होती. 'क्लेव्हरर' आणि 'मोर क्लेव्हर' दोन्ही चालतात, इंग्लंडातही चालतात. 'टायर्डर' मात्र कुठेच चालत नाही. तेव्हा मुलीला सांगा की तुझी निम्मी चूक मुळात चूक नव्हतीच. सातारा-सांगलीच्या मराठी शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि माझं मत असं झालंय की 'ई-आर की मोर' यावर आपण गरजेपेक्षा फार जास्त वेळ घालवतो. मुलांचे गुण जातात ते 'दॅन'च्या, म्हणजे आपल्या 'पेक्षा'च्या आसपास. पण तुम्ही विचारलंय ते आधी घेऊ.

पाठ्यपुस्तकात नियम असा असतो: लहान शब्दाला 'ई-आर', मोठ्या शब्दाला 'मोर'. मुलं हे वाचून अक्षरं मोजतात आणि तिथेच फसतात. 'स्ट्रेट' म्हणजे सरळ. इंग्रजीत लिहिताना त्यात आठ अक्षरं येतात, पण तो लहान शब्द आहे. 'अग्ली'त चारच अक्षरं, तो त्याच्यापेक्षा मोठा. लहान-मोठा ठरतो तो तोंडात, कागदावर नाही. इंग्रजीत याला सिलेबल म्हणतात, मी वर्गात ठोका म्हणायचो. हनुवटीखाली उलटा हात धरायचा आणि शब्द सावकाश म्हणायचा. जबडा जितक्या वेळा हाताला लागेल तितके ठोके. 'स्ट्रेट' एकदा, 'अग्-ली' दोनदा, 'ब्यु-टि-फुल' तीनदा, 'इन्-टे-लि-जंट' चारदा. मुलीला दहा-पंधरा शब्द असे म्हणायला लावा. आपल्याकडे काही शब्दांत स्वर घुसवायची सवय असते, 'फिल्म'चं 'फिल्लम' होतं, तसा जास्तीचा ठोका पडत नाही ना एवढं पाहा.

एक ठोका असेल तर 'ई-आर', डोळे झाकून. टॉल-टॉलर, कोल्ड-कोल्डर, डीप-डीपर, चीप-चीपर. इथे प्रश्न उरतो तो स्पेलिंगचा, आणि त्यात तीनच गोष्टी आहेत. शेवटी आधीच 'ई' असेल तर नुसता 'आर' लावायचा: लार्जर, वाइडर, नाइसर. शेवटी 'वाय' असून त्याच्या आधी व्यंजन असेल तर 'वाय'चा 'आय' होतो. शिराळ्यापेक्षा जत कोरडा, म्हणून 'जत इज ड्रायर दॅन शिराळा'. तिथे 'ड्राय'मधला 'वाय' जाऊन 'आय' आला. तिसरी गोष्ट दुहेरी व्यंजनाची. बिग, हॉट, थिन, फॅट, सॅड, वेट या शब्दांत शेवटी एकच व्यंजन आहे आणि त्याच्या आधी एकच स्वराक्षर. अशा वेळी ते व्यंजन दोनदा लिहायचं. ('बिगर' फळ्यावर लिहिलं की शेतकऱ्यांच्या पोरांना हमखास हसू येतं, कारण घरात 'बिगरशेती' हा शब्द रोज ऐकलेला असतो. हसू द्यावं, स्पेलिंग लक्षात राहतं.)

व्यंजन दोनदा का, हे मात्र मुलांना सांगितलंच पाहिजे, नाहीतर ती 'डीपर'लाही दोन 'पी' लावतात. इंग्रजी वाचणारा माणूस एकच व्यंजन आणि पुढे 'ई' दिसला की आधीचा स्वर लांबवतो. दोन व्यंजनं दिसली की स्वर आखूड ठेवतो. 'लेटर' आणि 'लॅटर' या जोडीत हे स्वच्छ दिसतं. 'लेटर' म्हणजे नंतर, त्यात एक 'टी'. 'लॅटर' म्हणजे दोहोंपैकी दुसरा, त्यात दोन 'टी'. 'हॉटर'ला एकच 'टी' लावला तर वाचणारा 'होटर' म्हणेल. 'डीप'मध्ये स्वर आधीच लांब आहे, दोन 'ई' लिहिलेले आहेत, तिथे राखण करायची गरज नाही. 'स्लो' आणि 'लो'च्या शेवटचा 'डब्ल्यू' हा उच्चारात व्यंजन नाहीच, तो स्वराचाच भाग आहे, म्हणून तोही दुप्पट होत नाही.

जाता जाता उच्चाराचं एक. 'स्ट्राँग', 'लाँग', 'यंग' या शब्दांच्या शेवटचा 'ग' इंग्रज वेगळा उच्चारत नाहीत, नाकात विरवतात. पण 'स्ट्राँगर', 'लाँगर', 'यंगर' म्हणताना तो 'ग' स्पष्ट येतो. आपण दोन्हीकडे 'ग' म्हणतो, त्यामुळे ही तीन रूपं आपल्या मुलांच्या तोंडी आपोआप बरोबर येतात. 'ई-आर'चा शेवटचा 'र' मात्र फार ठासून म्हणू नये.

तीन किंवा जास्त ठोके असतील तर 'मोर', तिथेही विचार करायचा नाही. मोर डिफिकल्ट, मोर इंटेलिजंट, मोर एक्स्पेन्सिव्ह. अपवाद 'अन'ने सुरू होणाऱ्यांचा: 'अनहॅपी'चे ठोके तीन, पण रूप 'अनहॅपिअर' होतं, कारण मूळ 'हॅपी' दोन ठोक्यांचा आहे आणि 'अन' पुढे नुसता चिकटलाय.

सगळा गोंधळ दोन ठोक्यांच्या शब्दांत आहे, आणि गंमत म्हणजे तिथे भाषाही आपल्याला बरीच मोकळीक देते. शेवटी 'वाय' असेल तर 'ई-आर' लावावं: हॅपिअर, इझिअर, हेविअर, बिझिअर. शेवट 'एल-ई', 'ओ-डब्ल्यू' किंवा 'ई-आर' असा असेल, म्हणजे सिंपल, नॅरो, क्लेव्हर असे शब्द, तर 'ई-आर' लावलेलं जास्त रुळलेलं, पण 'मोर'ही चालतं. 'क्वाएट'चं 'क्वाएटर' करावं. 'कॉमन', 'पोलाइट', 'फ्रेंडली' यांना दोन्ही. बाकीचे दोन ठोक्यांचे शब्द 'मोर' घेतात. विशेषतः शेवटी 'फुल', 'लेस', 'अस' किंवा 'इंग' असेल तर 'मोर'च. मोर केअरफुल, मोर यूसलेस, मोर फेमस, मोर बोरिंग. 'केअरफुलर' ऐकून इंग्रज माणूस दचकेल. शंका आली तर 'मोर' लावा. दोन ठोक्यांच्या शब्दात 'मोर' क्वचितच चुकतं, उगाच लावलेलं 'ई-आर' पटकन उघडं पडतं.

आता 'टायर्ड'. हा शब्द ऐकायला एक-दीड ठोक्याचा, मग 'टायर्डर' का नाही? कारण तो मुळात क्रियापदाचं रूप आहे, 'टायर'ला 'ई-डी' लागून झालेला. अशी क्रियापदापासून आलेली विशेषणं ठोके कितीही असोत, 'मोर' घेतात: मोर टायर्ड, मोर बोअर्ड, मोर प्लीज्ड. ठोके मोजण्याआधी शेवटचा 'ई-डी' तपासायची सवय लावा. 'रिअल', 'राइट', 'राँग' यांनाही 'मोर'. 'फन'चं विशेषण करून वापरलं तरी 'मोर फन'.

अनियमित रूपं पाठच करावी लागतात आणि ती मोजकी आहेत. गुड-बेटर, बॅड-वर्स, लिटल-लेस, मच आणि मेनी या दोघांचं मोर, फार-फार्दर किंवा फर्दर. अंतरासाठी दोन्ही चालतात. 'आणखी माहिती' अशा अर्थाला फक्त 'फर्दर'. 'ओल्ड'ची दोन रूपं आहेत, ओल्डर आणि एल्डर, आणि त्यांत आपल्या मुलांचा घोळ होतो. 'एल्डर' हा घरातल्या थोरल्यासाठी: 'माय एल्डर ब्रदर'. तो नामाच्या आधी येतो, त्याच्यापुढे 'दॅन' येत नाही. 'ही इज एल्डर दॅन मी' चूक, 'ओल्डर दॅन मी' बरोबर. वस्तूला तर 'एल्डर' कधीच नाही. सांगलीचा आयर्विन पूल 1929 चा, कोयना धरण साठच्या दशकात पूर्ण झालं. पूल धरणापेक्षा 'ओल्डर'.

ही दोन पद्धतींची भानगड इंग्रजीत आली कुठून, असं चौकस मुलं विचारतात. 'ई-आर' हा इंग्रजीचा जुना, घरचा प्रत्यय. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, पुढच्या काही शतकांत फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा पूर आला, आणि त्याच काळात 'मोर' लावायची पद्धतही पसरली. डिफिकल्ट, इंटेलिजंट हे असे आलेले लांब शब्द. मराठीतही 'तर' हा प्रत्यय 'उच्च'सारख्या संस्कृत शब्दाला लागतो, 'मोठा'ला लागत नाही. एवढं पुरे.

आता माझ्या मते मुद्द्याची गोष्ट. मराठीत तुलना करताना विशेषण जागचं हलत नाही. 'सातारा थंड आहे', 'महाबळेश्वर साताऱ्यापेक्षा थंड आहे': दोन्हीकडे 'थंड' तेच. तुलनेचं सगळं काम 'पेक्षा' करतं, आणि ते ज्याच्याशी तुलना करायची त्याला चिकटतं. इंग्रजीत काम दोघांत वाटलेलं आहे: विशेषण बदलायचं, शिवाय 'दॅन' घालायचं. मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणारं मूल 'पेक्षा'चं 'दॅन' करतं आणि विशेषण तसंच सोडतं: 'महाबळेश्वर इज कूल दॅन सातारा'. नववी-दहावीच्या पेपरात सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. तिथे 'कूलर' की 'मोर कूल' हा प्रश्नच येत नाही, कारण मुलाने विशेषणाला हातच लावलेला नसतो.

याच्या उलट 'मोर बेटर', 'मोर टॉलर'. इथे मराठीतलं 'जास्त' आडवं येतं. आपल्याकडे 'जास्त उंच' म्हटलं तरी चालतं, नाही म्हटलं तरी चालतं. मूल 'जास्त'चं 'मोर' करतं आणि शाळेत शिकवलेलं 'ई-आर'ही लावतं. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत अशी दुहेरी रूपं चांगले लेखकही वापरत. अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी ती मोडीत काढली. आपणही 'श्रेष्ठ'ला 'तम' लावून 'श्रेष्ठतम' करतोच की, 'श्रेष्ठ'चा अर्थ मुळात 'सर्वांत चांगला' असताना. पण आजच्या पेपरात 'मोर बेटर'ला माफी नाही.

तिसरी चूक 'खूप'ची. 'महाबळेश्वर साताऱ्यापेक्षा खूप थंड' हे वाक्य मूल 'व्हेरी कूलर' असं करतं. 'व्हेरी' फक्त साध्या रूपाला लागतो: व्हेरी कूल. तुलनेच्या रूपाला 'मच' किंवा इंग्रजीतला 'फार' लावायचा: मच कूलर, फार बेटर. थोडासा फरक असेल तर 'अ लिटल कूलर'. मोठी माणसंही, अगदी ऑफिसच्या मेलमध्ये, 'व्हेरी बेटर' लिहितात. तुम्ही स्वतः लिहीत असाल तर आधी हे सुधारा.

आणखी एक जागा, जिथे हुशार मुलं पडतात. 'सांगलीचं हवामान महाबळेश्वरपेक्षा उष्ण आहे.' मराठीत हे खटकत नाही. इंग्रजीत 'द क्लायमेट ऑफ सांगली इज हॉटर दॅन महाबळेश्वर' लिहिलं तर हवामानाची तुलना गावाशी होते. म्हणून 'दॅन दॅट ऑफ महाबळेश्वर'. अनेकवचन असेल तर 'दोज ऑफ': तासगावची द्राक्षं दुसरीकडच्या द्राक्षांशी ताडून पाहायची असतील तर 'दॅन दोज ऑफ' असं लिहायचं. मराठीत 'महाबळेश्वरच्यापेक्षा' असं म्हणून पाहिलं की हा 'दॅट ऑफ' आपोआप आठवतो. तो 'च्या' म्हणजेच 'दॅट ऑफ'.

'सीनिअर', 'ज्युनिअर', 'सुपीरिअर', 'इन्फीरिअर' हे लॅटिनमधून तुलनेचं रूप घेऊनच आलेले शब्द. त्यांना 'मोर' नको आणि 'दॅन'ही नको, 'टू' लागतो: 'ही इज सीनिअर टू मी'. हे पाठ करायची गरज नाही, कारण आपल्या कचेऱ्यांत लोक बरोबर बोलतात: "ते मला दोन वर्षं सीनिअर आहेत." 'माझ्यापेक्षा सीनिअर'ऐवजी 'मला सीनिअर' म्हणायची सवय लावा, 'मला' म्हणजे 'टू मी'. 'प्रिफर'लाही 'टू': 'आय प्रिफर टी टू कॉफी'.

एक बारीक पण सुंदर अपवाद. एकाच माणसाचे दोन गुण ताडून पाहत असू तर एक ठोक्याच्या विशेषणालाही 'मोर' लागतो. 'तो शहाणा कमी, शूर जास्त' हे इंग्रजीत 'ही इज मोर ब्रेव्ह दॅन वाइज' असं होतं, 'ब्रेव्हर' नाही. परीक्षेत क्वचित येतं, चांगल्या गद्यात वारंवार. आणि पुस्तकं सांगतात की 'परफेक्ट', 'यूनिक' यांची तुलना होत नाही. परीक्षेपुरतं मानावं. एरवी अमेरिकेच्या 1787 च्या राज्यघटनेची पहिलीच ओळ 'मोर परफेक्ट' संघराज्याची भाषा करते.

'दॅन मी' की 'दॅन आय' यावर वाद घालू नका. बोलताना 'मी', औपचारिक लिहिताना 'दॅन आय अ‍ॅम'. 'दॅन'चं स्पेलिंग मात्र पाहा. 'ए'च्या जागी 'ई' पडला की त्याचं 'मग' होतं.

बोर्डाच्या पेपरात 'डिग्री बदला' हा प्रश्न येतो, म्हणजे 'सर्वांत उंच', 'पेक्षा उंच' आणि साधं 'उंच' या रूपांत तेच वाक्य फिरवून लिहायचं. त्यासाठी तीन वाक्यांचा एकच संच पक्का करून घ्या. 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.' तुलनेत: 'कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र.' साध्या रूपात: 'नो अदर पीक इन महाराष्ट्र इज अ‍ॅज हाय अ‍ॅज कळसूबाई.' मधल्या वाक्यातला 'अदर' गाळला की गुण जातो आणि जायलाच हवा, कारण कळसूबाईही महाराष्ट्रातलंच शिखर, ते स्वतःपेक्षा उंच कसं असेल? तिसऱ्या वाक्यात मुलं 'अ‍ॅज हायर अ‍ॅज' लिहितात. दोन 'अ‍ॅज'च्या मध्ये विशेषण नेहमी मूळ रूपात. 'वन ऑफ द' असं वाक्य दिलं असेल तर तुलनेत 'दॅन मोस्ट अदर' आणि साध्या रूपात 'व्हेरी फ्यू' येतं. दोघांतच तुलना असेल तर 'द हायर ऑफ द टू', तिथे 'हायेस्ट' नाही: पाचगणी आणि महाबळेश्वर या दोहोंत महाबळेश्वर 'द हायर'. कमीपणा दाखवायचा असेल तेव्हा लहान शब्दाला 'लेस' लावू नये. 'लेस हाय' कुणी म्हणत नाही; 'पाचगणी इज नॉट अ‍ॅज हाय अ‍ॅज महाबळेश्वर' म्हणावं.

तुम्ही शेवटी विचारलंय की 'दिवसेंदिवस महाग होत चाललंय' आणि 'जितकं वाचशील तितकं सोपं जाईल' ही वाक्यं मुलीला जमत नाहीत. पहिल्यात तुलनेचं रूप दोनदा घ्यायचं, मध्ये 'अँड': कॉस्टलिअर अँड कॉस्टलिअर. 'मोर' घेणारा शब्द असेल तर फक्त 'मोर' दोनदा: मोर अँड मोर एक्स्पेन्सिव्ह. दुसऱ्यात 'जितकं'च्या जागी 'द' आणि 'तितकं'च्या जागीही 'द', दोन्हींच्या लगेच पुढे तुलनेचं रूप: 'द मोर यू रीड, द इझिअर इट बिकम्स'. मुलं पहिला 'द' विसरतात, आणि दुसऱ्या भागात 'इट बिकम्स इझिअर' असा नेहमीचा क्रम लावतात. तुलनेचं रूप ओढून पुढे आणायचं, मग कर्ता, मग क्रियापद.